दीड वितीची झूल

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, प्रत्यक्ष भेटायचं असं ठरलं, त्या संध्याकाळपासून रत्नमालेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोडणी टाकली की मोहरी जळायची. देवापुढं बसली की ओठ हलायचे आणि मन कोंढा गावाच्या रस्त्याला लागलेलं असायचं. सून उर्वशी एकदा म्हणाली, "आई, कायची एवढी घालमेल होऊन राहिली तुमची? चार म्हाताऱ्यांची तं भेट हाय."

रत्नमालेनं मानेनंच काही नाही म्हटलं. घरात ती फारसं बोलतच नसे. पवनीतलं त्यांचं घर विणकरांचं. पुढं कापडाचं दुकान, मागं माग. ती लग्न होऊन आली तेव्हा चार माग एकदम चालत आणि त्या खटखटाटात बोलून उपयोग नसे. हातानं खूण करायची, मानेनं उत्तर द्यायचं. पुढं एकेक माग थांबला, पण घराची सवय राहिली. नवरा गोपीचंद गिऱ्हाइकाशी लागेल तेवढं बोले, घरात तेवढंही नाही. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तसंच चालत आलेलं.

फोनवरची रत्नमाला मात्र वेगळीच होती. जिल्ह्यातल्या निवृत्त लोकांचा एक मोठा ग्रुप होता, त्यात कुणीतरी तिला घातलं. सकाळ झाली की त्यात फुलांचे फोटो आणि सुविचार यांचा नुसता पूर यायचा. त्या पुरात चौघं अशी निघाली की जी आपल्या हातानं केलेलं काही टाकत. ती हळूहळू एकमेकांना ओळखू लागली आणि शेवटी बाजूला झाली. त्यांनी आपल्या ग्रुपला नाव दिलं 'चार टाळकी'.

पहिले वासुदेवराव. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आता तिथंच नोकरीला असलेल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत. लाकडातून बैल, पक्षी, बाहुल्या कोरत. दुसऱ्या कुसुमताई, चिखल्याच्या. नवरा मॅंगनीजच्या खाणीत होता, तो गेल्यावर त्या मुलाकडे राहत आणि अंगणात रांगोळ्या काढत. रांगोळीची कड त्या खाणीच्या काळ्या भुकटीनं काढत. तशी कड दुसऱ्या कुणाच्या रांगोळीला नसे. तिसरे सेवकराम, कोंढ्याचे धानाचे शेतकरी. ते झडत्या, म्हणजे गमतीच्या जोडओळी, जुळवत. पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहून म्हणतात तसल्या. आणि चौथी रत्नमाला. दुकानात उरलेल्या कोशाच्या, टसर रेशमाच्या, चिंध्या जोडून ती पिशव्या, बटवे, बाहुल्यांचे कपडे शिवायची.

कुणाचा वाढदिवस असला की बाकी तिघं त्याच्यासाठी काहीतरी करत आणि संध्याकाळी व्हिडिओवर दाखवत. संक्रांतीला चौघं आपापल्या ताटात तिळाचे लाडू घेऊन फोनपुढं बसत. सेवकरामनी एकदा ऐकवलं होतं, "तलावाच्या पाळीवर बसला बगळा, मोबाईलच्या पायी बुढा झाला वेगळा." त्यावर रत्नमाला इतकी हसली, की उर्वशी धावत आली, सासूला काय झालं बघायला. रत्नमालेचे आवाजी निरोप तर प्रसिद्ध होते. नकला काय करायची, टोमणे काय मारायची. कुसुमताई म्हणत, "रत्ना बोलली नाई तं मले जेवण जात नाई."

म्हणूनच तिची झोप उडाली होती. समोरासमोर बसल्यावर आपण बोलू शकू का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

बेत साधा होता. सेवकरामच्या घरी जमायचं. वासुदेवरावांनी मोठा लाकडी नंदी आणायचा, रत्नमालेनं त्याची झूल शिवून आणायची, कुसुमताईंनी अंगणात रांगोळी काढायची आणि नंदी गावातल्या लेकरांच्या पोळ्यात मिरवायचा. वासुदेवरावांनी नंदीचा फोटो पाठवला आणि मागून आवाजी निरोप. "उंची दीड, रत्नाताई. त्या हिशोबानं झूल शिवा." रत्नमालेच्या घरात कापड हातानं आणि वितीनं मोजत. तिनं दीड वीत धरलं. जांभळा कोसा, पिवळी किनार, चार कोपऱ्यांना गोंडे, मध्ये आरशाचे तुकडे. इतकं बारीक काम तिनं वर्षानुवर्षांत केलं नव्हतं. झूल झाली, आणि तरी तिचं मन लागेना. उसवून पुन्हा शिवली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ती एकटीच बसनं कोंढ्याला गेली. सेवकराम फाट्यावर घ्यायला आले होते. फोनवर ऐसपैस बोलणारा माणूस इथं नुसता, "या न जी, या न," म्हणत पुढं पुढं पळत होता. घरी पोचल्यावरही तेच. पाणी आणलं, खाट ओढली, पंखा फिरवला, परत आत गेला. त्यांची बायको रुखमिणी चुलीपाशी वड्यांचं पीठ मळत होती. रत्नमालेनं तिला मदत करू का विचारलं, ती लाजून नको म्हणाली. मग रत्नमाला खाटेवर जाऊन बसली.

थोड्या वेळानं वासुदेवरावांची भाड्याची गाडी आली. भंडाऱ्याच्या स्टँडवरून त्यांनी कुसुमताईंनाही घेतलं होतं. पडद्यावर दणकट वाटणाऱ्या कुसुमताई प्रत्यक्षात इतक्या लहानखुऱ्या होत्या, की रत्नमाला क्षणभर त्यांच्या मागं आणखी कुणी येतंय का म्हणून बघत राहिली. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि हसल्या. ती म्हणाली, "ताई, प्रवासात त्रास तं नाई झाला?" त्या नुसत्या हसल्या. तिनं आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या. त्या तशाच हसत राहिल्या. रत्नमालेला वाटलं, आपण यांना आवडलो नाही.

वासुदेवराव मात्र एकटेच बोलत होते. रस्त्यावरचे खड्डे, आपले गुडघे, फॅक्टरीतले जुने साहेब. मग त्यांनी ड्रायव्हरच्या मदतीनं डिक्कीतून नंदी उतरवला. चाकांवर उभा, वशिंड उंच, शिंगं रंगवलेली. गुडघ्याच्या वरपर्यंत येत होता. फोटोत तो टेबलावर होता आणि मागं काहीच नव्हतं.

रत्नमालेनं पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. पण लेकरं जमली होती, शेजारीपाजारी आले होते, सेवकराम म्हणाले, "काढा जी झूल, आमच्या पवनीच्या ताईचं काम पाहा म्हणा." तिला काढावीच लागली. नंदीच्या पाठीवर ती जेमतेम वशिंडामागं बसली. लेकरं खिदळली.

वासुदेवराव म्हणाले, "हे काय रत्नाताई? मी झूल म्हणलं होतं. तुम्ही रुमाल आणला."

लोक हसले. फोनवर असं कुणी म्हटलं असतं तर तिनं सवाई उत्तर देऊन सगळ्यांना हसवलं असतं. इथं जे निघालं ते भलतंच निघालं. "तुम्ही दीड म्हणले, म्या दीड शिवली. बैल मोठा केल्यानं माणूस मोठा होत नाही."

वासुदेवरावांचा चेहरा उतरला. "दीड म्हणजे फूट. आता हे पण सांगा लागते का? आयुष्य ड्रॉइंग पाहण्यात गेलं माह्यं."

"आन् माह्यं कापड मोजण्यात."

त्यानंतर दिवस कसाबसा ढकलला. नंदी बिनझुलीचाच मिरवला. कुसुमताईंनी रांगोळी काढली, सुरेख काढली, पण पाहायला कुणाचं लक्ष नव्हतं. पंगतीला वडे आले, पुरणपोळी आली. सेवकराम एकेकाला आग्रह करत राहिले आणि वासुदेवराव व रत्नमाला ताटाकडे बघत "पुरे, पुरे" म्हणत राहिले. सेवकरामनी झडती म्हटलीच नाही. रत्नमाला जेवल्याबरोबर उठली. बस लवकर आहे म्हणाली. बस उशिरा होती. ती फाट्यावर एकटीच उभी राहिली.

त्या दिवसापासून 'चार टाळकी'वर चिडीचूप.

कामात असली तरी तिचा कान फोनकडे असायचा. फोन वाजला की ती उठायची, ते मोबाईल कंपनीचं असायचं. ती लिहायची, "वासुदेवराव, त्या दिवशी..." आणि पुसून टाकायची. मग वाटायचं, आपणच का? रुमाल कोण म्हणालं? पुन्हा वाटायचं, तीन वर्षं आपण कुणाशी बोलत होतो? ती माणसं खरी की कोंढ्याच्या अंगणात पाहिली ती? हा विचार तिला कुठं बसू देत नव्हता. दुकानात जायची, दोन गठ्ठे उचलून जागा बदलायची, परत आत यायची. एकदा कुसुमताईंनी ग्रुपवर विचारलं, "काय झालं सगळ्यायले?" तिनं वाचून फोन मिटला. मग कुसुमताईंनी तिला वेगळं विचारलं. तिनं लिहिलं, "काही नाही ताई."

वासुदेवरावांचा वाढदिवस आला. दरवर्षी सगळ्यात आधी तिचा निरोप जाई, नकलेसकट. तो दिवस तिनं ग्रुप उघडून, मिटून, उघडून घालवला. कुणीच काही टाकलं नाही. संध्याकाळी तिनं फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवून दिला आणि उर्वशीला म्हणाली, "वाजला तरी सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात कुसुमताई उभ्या. हातात पिशवी, गळ्यात फोन, फोनची वायर कानात गेलेली. पहाटेच निघाल्या होत्या. तुमसरला बस बदलली, भंडाऱ्याला बदलली, पवनीत उतरून कापडवाल्या गोपीचंदचं घर विचारत विचारत आल्या.

"ताई, तुम्ही? एकट्या?"

"जोरानं बोल," कुसुमताई म्हणाल्या. "या वायरीतून फोनचंच ऐकू येते. बाकी मले ऐकू येत नाई, रत्ना. दोन वर्ष झाले."

रत्नमाला बघतच राहिली. व्हिडिओवर कुसुमताईंना सगळं ऐकू यायचं, कारण हेडफोन कानात असायचा आणि आवाज पूर्ण सोडलेला असायचा. त्या दिवशी कोंढ्याला त्यांनी तो घातलाच नव्हता.

"म्हातारीनं कानात वायरी घालून लोकाच्या घरी कसं जावं, असं वाटलं मले," त्या सांगू लागल्या. "आन् घालून तरी काय, समोरच्या माणसाचं त्यात येते कुठं. भंडाऱ्यापासून कोंढ्यापर्यंत तो वासुदेव बोलून राहिला आन् मी मान हलवून राहिली. तुम्ही लोक अंगणात काय बोलले, कायले हासले, मले काहीच समजलं नाई. मी नुसती हासून राहिली. घरी गेली आन् पाहतो तं ग्रुप बंद. ज्याले विचारावं तो म्हणते, काही नाई. मी चुकली का काही? माह्यासंगं कोणी बोलत नाई, ते माह्या कानाच्या पायी का?"

"नाई ताई," रत्नमाला म्हणाली.

"काय?"

"नाई," ती जोरानं म्हणाली. "तुमच्यापायी नाई."

"मंग सांग. पहिल्यापासून सांग. मी तेवढ्यासाठीच आली."

मग रत्नमालेला सांगावंच लागलं. कुसुमताईंच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून. दीड कसं म्हणाले. झूल कशी शिवली. नंदी गाडीतून कसा निघाला. लेकरं कशी हसली. प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्याइतकं दुखत नव्हतं. "रुमाल म्हणले," ती ओरडली. "काय म्हणले?" "रुमाल!" गल्लीतून जाणारी एक बाई थबकली. रत्नमालेनं वासुदेवरावांच्या आवाजातच ते म्हणून दाखवलं, मान वाकडी करून, चष्मा वर सारून. कुसुमताईंना हसू फुटलं. मग रत्नमालेलाही. दोघी खाटेवर बसून पोट धरून हसल्या आणि हसता हसता रत्नमाला रडायला लागली. कुसुमताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुकानाच्या दारात गोपीचंद उभा होता. हातात मोजायचा गज, मागं गिऱ्हाईक. किती वेळ उभा होता कोण जाणे. जेवताना तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "फूट म्हणाचं का वीत, त्या माणसानं नीट सांगाले पाहिजे होतं." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "तू पण विचाराले पाहिजे होतं." रत्नमालेला आठवेना, नवऱ्यानं तिच्या या माणसांबद्दल याआधी कधी चकार शब्द काढला होता का.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई निघाल्या तेव्हा तीही निघाली. "भंडाऱ्यापर्यंत सोडून येतो," म्हणाली. भंडाऱ्याला उतरल्यावर दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग न बोलताच जवाहरनगरच्या गाडीत बसल्या.

वासुदेवराव क्वार्टरच्या ओट्यावर एका फळीला रंधा मारत बसले होते. दोघींना पाहून उठले, परत बसले, परत उठले. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला, तरी मूळ विषय निघेना. शेवटी ते म्हणाले, "वाढदिवसाला एकाचाही फोन नाही. सकाळपासून फोन खिशात घेऊन फिरलो."

"म्या दिवसभर लिहून पुसलं," रत्नमाला म्हणाली.

"पण दीड म्हणजे फूटच."

"तसं म्हणले नव्हते तुम्ही."

"म्हणलो होतो."

मग फोन निघाला, जुना निरोप शोधला गेला. ओट्यावर रस्त्याचा आवाज, नीट ऐकू येईना. कुसुमताईंनी वायर त्याच फोनला लावली, डोळे मिटून ऐकलं, परत ऐकलं. दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"दीड म्हणला," कुसुमताई म्हणाल्या, "आन् मंग खोकलला. बाकी काही नाई."

वासुदेवरावांनी फोन परत घेतला. मग पुटपुटले, "खोकला होता मले तेव्हा." आणि रत्नमालेकडे बघून म्हणाले, "पण चार लोकायच्या देखत म्हणाले नव्हतं पाहिजे मी. मले वाटलं हासाल तुम्ही. फोनवर हासता."

"मीही जे बोलली ते बोलाले नव्हतं पाहिजे."

मन हलकं झालं तसं वासुदेवराव म्हणाले, सेवकरामला लावू व्हिडिओ, तिघं एकत्र पाहून चकित होईल. फोन लागला, पण पडद्यावर रुखमिणी आली. ती बोलता बोलता पदर सावरत होती.

"ते शेतावर हायत," ती म्हणाली. "फोन घरीच ठेवतेत आता. तुम्ही लोक गेले तेव्हापासून हातात नाई घेतला. म्हणतेत, माह्या घरी माणसं आली आन् रागानं उठून गेली. आमच्यात काही कमी पडलं असंल, असं म्हणतेत. मी म्हणलं वड्यात मीठ जास्त झालं होतं का, तं त्यायले तेही आठवत नाई."

एवढे दिवस रत्नमाला आपलाच अपमान उगाळत बसली होती. बस लवकर आहे असं खोटं सांगून ती ज्या अंगणातून उठली होती, त्या अंगणाच्या धन्याचा तिला एकदाही विचार आला नव्हता. वासुदेवराव तर त्या दिवशी निरोपही न घेता गाडीत बसले होते.

"आम्ही येतो," ती फोनमध्ये म्हणाली.

"कव्हा?"

"आत्ता."

या वेळी भाड्याची गाडी ठरवायला वेळ नव्हता. तिघं बसनंच निघाली. कुसुमताईंना उलट दिशेला जायचं होतं, त्या म्हणाल्या, "चिखला कुठं पळून चालला." बसमध्ये रत्नमाला खिडकीशी बसली, मग मध्ये बसली, मग उभीच राहिली. काय म्हणायचं ते मनात जुळवत होती आणि जुळलेलं लगेच मोडत होतं.

कोंढ्याला रुखमिणी त्यांना तलावाकडे घेऊन गेली. सेवकराम बांधावर खांद्यावर फावडं घेऊन उभे होते, धानाला पाणी सोडत होते. त्यांनी तिघांना येताना पाहिलं. आले नाहीत, हातातलं कामही सोडलं नाही. पाण्याची वाट नीट होईपर्यंत माती सारत राहिले. तिघं बांधावर ताटकळत उभी.

फोनवर रत्नमालेनं काहीतरी गंमत केली असती. इथं तिला गंमत सुचली नाही. ती पुढं झाली आणि कुसुमताईंनाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलली. "सेवकभाऊ, तुमच्या घरात काही कमी पडलं नव्हतं. आम्हीच दोघं भांडलो आन् तुमच्या पंगतीत तोंड पाडून बसलो. मी बसचं खोटं सांगितलं. वहिनीनं वडे केले, म्या चवसुद्धा घेतली नाई. माफी मागाले आली मी."

वासुदेवरावांनी मागून नुसती मान हलवली.

सेवकराम फावड्यावर हात टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा काही लगेच मोकळा झाला नाही. "मले वाटलं," ते म्हणाले, "खेड्यातल्या माणसाच्या घरी आले आन् मन लागलं नाई तुमचं. दोन दिवस आधीपासून आमची धावपळ. अंगण सारवलं, खाटा मांगून आणल्या. आन् तुम्ही बसलेच नाई जी. कोणीच बसलं नाई."

"तुम्ही तरी कुठं बसले," कुसुमताई म्हणाल्या. एवढं त्यांना ऐकू आलं होतं.

सेवकरामनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ओठाच्या कडेला थोडंसं हसू आलं. त्यांनी फावडं बांधावर रोवलं, पाय धुतले आणि म्हणाले, "तलाव दाखवाचा राहिला होता तुमाले." आणि तलावाच्या उंच पाळीवरून पुढं चालू लागले.

तिघं मागून निघाली. वासुदेवराव गुडघे सांभाळत. रुखमिणी स्वयंपाकाला घराकडे वळली, आणि या वेळी रत्नमालेनं तिला मदत करू का असं विचारलं नाही. "वहिनी, थांबा, पीठ मी मळतो," म्हणत ती पाळीवरून परत फिरून सरळ तिच्या मागं निघाली. पाळीवरून कुसुमताईंचा आवाज येत होता, सेवकरामना काहीतरी दुसऱ्यांदा सांगायला लावत होत्या. रत्नमालेच्या पायातली घाई अजून गेली नव्हती. ती रुखमिणीच्याही पुढं चालत होती.